वाल्टर बाडे : अंधाराचे सोने करणारा ज्योतिर्विद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने ताऱ्यांविषयी लिहावे, हे आपल्या अंकाच्या काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. जमाखर्च, ताळेबंद आणि हिशेबतपासणी हे आमचे विषय. आकाशाशी आमचा संबंध पाऊस पडेल की नाही, एवढ्यापुरताच. परंतु ज्या शास्त्रज्ञाचे चरित्र मी येथे थोडक्यात सांगणार आहे, त्याने आयुष्यभर जे केले ते मला तरी एका मोठ्या हिशेबतपासणीसारखेच वाटते. विश्वाच्या वहीत दोन वेगळ्या मालांची नोंद एकाच खात्यावर झाली होती. त्यामुळे विश्वाचे अंतर आणि वय, दोन्ही निम्मे लागत होते. ती चूक ज्याने शोधून काढली, तो माणूस म्हणजे वाल्टर बाडे. बाडे यांना जाऊन आज साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. ज्योतिषशास्त्राच्या अभ्यासकांना त्यांचे नाव परिचित आहे, परंतु आपल्याकडील सामान्य वाचकाला हबल माहीत असतात, बाडे नसतात. म्हणून हा प्रयत्न.

वाल्टर बाडे यांचा जन्म २४ मार्च १८९३ रोजी जर्मनीच्या वेस्टफालिया भागातील श्रोटिंगहाऊझेन या लहानशा गावी झाला. वडील शाळामास्तर. मुलाने धर्मशास्त्र शिकून धर्मोपदेशक व्हावे, अशी घरच्यांची इच्छा होती. मुलाचे मन मात्र गणितात आणि आकाशात रमले. म्यून्स्टर येथे थोडा काळ काढून ते गटिंगेनच्या विद्यापीठात गेले. गणिताच्या अभ्यासासाठी हे विद्यापीठ त्या काळी जगात अग्रगण्य मानले जाई.

बाडे यांच्या कंबरेच्या सांध्यात जन्मतःच दोष होता, त्यामुळे ते लंगडत चालत. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि त्यांच्या वयाची मुले आघाडीवर गेली. त्यांतली कितीतरी परतलीच नाहीत. बाडे यांना मात्र त्या व्यंगामुळे सैन्यात घेतले गेले नाही. युद्धकाळातील सक्तीची सेवा म्हणून ते प्रांट्ल यांच्या वायुगतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत दिवसभर विमानांच्या नमुन्यांच्या चाचण्या करीत आणि उरलेल्या वेळात आपला अभ्यास चालू ठेवीत. १९१९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

त्याच वर्षी ते हॅम्बुर्गजवळच्या बेर्गेडोर्फ वेधशाळेत रुजू झाले. तेथे एक मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण होती. दुर्बीण चांगली, पण आकाश बहुधा ढगाळलेले. तरीही १९२० मध्ये त्यांनी हिडाल्गो नावाचा लघुग्रह शोधला आणि १९२२ मध्ये एक धूमकेतू शोधला. १९२६-२७ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून त्यांनी अमेरिकेतील मोठ्या वेधशाळा पाहिल्या. कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनवरची शंभर इंची दुर्बीण त्यांनी पाहिली आणि आपले काम कोठे आहे, हे त्यांना कळून चुकले. ही दुर्बीण त्या वेळी जगात सर्वांत मोठी होती.

१९२९ मध्ये सूर्यग्रहणाच्या निमित्ताने ते फिलिपाईन्सला गेले. बोटीवरच्या लांबच्या प्रवासात त्यांचे सोबती होते बर्नहार्ट श्मिट. एका हाताने काच घासून अप्रतिम आरसे बनविणारे हे अवलिया कारागीर! आकाशाचा विस्तीर्ण भाग एकाच वेळी स्पष्ट टिपणारी दुर्बीण कशी करता येईल, यावर दोघांच्या गप्पा झाल्या. पुढच्याच वर्षी श्मिट यांनी तशी दुर्बीण करून दाखविली. आज जगभर तिला श्मिट दुर्बीण म्हणतात. बाडे स्वतः कमी लिहीत, पण बोलत भरपूर, आणि त्यांच्या बोलण्यातून इतरांची कामे उभी राहत. त्यांच्या आयुष्यात हे पुन्हा पुन्हा घडलेले दिसते.

१९३१ मध्ये बाडे माउंट विल्सनच्या वेधशाळेत नोकरीला आले. १९३४ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांच्याबरोबर त्यांनी एक धाडसी कल्पना मांडली. काही तारे मरताना प्रचंड स्फोट पावतात आणि त्यांच्या जागी केवळ न्यूट्रॉन कणांचा बनलेला, अतिशय लहान आणि अतिशय घन असा तारा शिल्लक राहतो, अशी ती कल्पना. न्यूट्रॉनचा शोध लागून तेव्हा दोनच वर्षे झाली होती! असे तारे खरोखरच आहेत, हे १९६७ मध्ये स्पंदक तारे सापडल्यानंतर सर्वांना पटले. झ्विकींशी असलेली मैत्री मात्र पुढे टिकली नाही.

आता आपल्या विषयाच्या गाभ्याकडे वळू. आपला सूर्य ज्या प्रचंड तारकासमूहात आहे त्याला आपण आकाशगंगा म्हणतो. तिच्यासारख्या दूरच्या समूहांना दीर्घिका म्हणतात. काही दीर्घिका आकाशगंगेएवढ्या किंवा तिच्याहून मोठ्या असतात, तर काही अगदी लहान असतात. या लहानांना बटुदीर्घिका असे नाव आहे. आपल्या आकाशगंगेत दहा हजार कोटींहून अधिक तारे आहेत. बटुदीर्घिकांत काही कोटी, काही लाख, तर काहींत केवळ काही हजार तारे असतात. त्या एवढ्या मंद असतात की पहिल्यांदा पाहणाऱ्याला फोटोच्या काचेवर बोटाचा डाग पडला असे वाटावे.

१९३८ मध्ये हार्वर्डचे हार्लो शॅप्ली यांना दक्षिण आफ्रिकेत घेतलेल्या फोटोंवर असे दोन डाग आढळले. एक शिल्पकार या तारकासमूहात आणि दुसरा अश्मंत या तारकासमूहात. बाडे आणि हबल यांनी लगेच शंभर इंची दुर्बीण तिकडे वळविली. कॅलिफोर्नियातून हे दोन्ही समूह क्षितिजाजवळच दिसतात, तरीही १९३९ मध्ये त्यांनी दाखवून दिले की हे डाग म्हणजे आकाशगंगेच्या शेजारच्या बटुदीर्घिका आहेत. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की शिल्पकारातील ताऱ्यांत निळे, तेजस्वी, तरुण तारे नव्हते. तेथील तारे गोलाकार तारकागुच्छांतील जुन्या ताऱ्यांसारखे होते. एवढ्या लहान घरात सगळी म्हातारी माणसेच का असावीत? हा प्रश्न बाडे यांच्या मनात राहिला.

इतक्यात दुसरे महायुद्ध आले. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. बाडे यांनी अमेरिकन नागरिकत्वासाठी पूर्वी अर्ज केला होता, पण घर बदलताना ते कागद गहाळ झाले आणि नव्याने खटपट करण्याचा कंटाळा त्यांना नडला. परिणाम असा झाला, की दहा वर्षे त्या देशात काम करणारा हा माणूस एका रात्रीत शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. अशा लोकांनी रात्री घराबाहेर पडू नये, असा हुकूम होता. ज्याचा धंदाच रात्रीचा, त्याच्यावर ही केवढी आपत्ती! अखेर त्यांच्यासाठी खास परवानगी मिळविण्यात आली आणि त्यांना डोंगरावर जाऊन काम करण्याची मुभा मिळाली.

पुढचा योग मोठा विलक्षण आहे. वेधशाळेतील बहुतेक शास्त्रज्ञ युद्धाच्या कामावर निघून गेले. स्वतः हबल तोफगोळ्यांच्या गणितासाठी गेले. बाडे परकीय, म्हणून त्यांना युद्धाच्या कामात कोणी घेईना. त्यामुळे जगातील सर्वांत मोठी दुर्बीण त्यांच्या वाट्याला नेहमीपेक्षा कितीतरी अधिक रात्री आली. शिवाय हवाई हल्ल्याच्या भीतीने डोंगराच्या पायथ्याशी पसरलेल्या लॉस अँजेलिस शहराचे दिवे मंद करण्यात आले. एरवी शहराच्या उजेडाने उजळून निघणारे आकाश पुन्हा काळेभोर झाले. ज्याच्यावर सरकारचा विश्वास नव्हता, त्याच्या हाती त्या सरकारच्या हुकुमानेच अंधार आला, आणि त्या अंधाराचे बाडे यांनी सोने केले.

त्यांच्या डोळ्यांसमोर होती देवयानी दीर्घिका. हबल यांनी १९२० नंतरच्या दशकात तिच्या बाहेरील चक्राकार भुजांतील तारे सुटे सुटे दाखविले होते. परंतु तिचा मधला गाभा कितीही फोटो काढले तरी नुसत्या दुधासारख्या उजेडाचा दिसे. तिच्याजवळच दोन लहान सोबतिणी आहेत. त्यांना क्रमांकाने एम ३२ आणि एनजीसी २०५ म्हणतात. त्याही तशाच नुसत्या पुसट दिसत. त्यांत तारे आहेत हे सर्वांना वाटे, पण ते कोणी पाहिले नव्हते.

बाडे यांनी विचार केला तो असा. भुजांतील सर्वांत तेजस्वी तारे निळे असतात, म्हणून आजवर सर्वांनी निळा प्रकाश टिपणाऱ्या काचा वापरल्या. पण गाभ्यातील तारे जर शिल्पकारातील किंवा गोलाकार गुच्छांतील ताऱ्यांसारखे जुने असतील, तर त्यांतील सर्वांत तेजस्वी तारे तांबडे असणार. मग निळ्या काचेवर ते उमटतीलच कसे? त्यांनी तांबड्या प्रकाशाला संवेदनशील अशा नव्या काचा घेतल्या आणि अमोनियाची प्रक्रिया करून त्या आणखी तीव्र केल्या. या काचांना तासन् तास उजेड द्यावा लागे. रात्र थंड होत गेली की आरशाचा आकार किंचित बदले आणि प्रतिमा फिसकटे. मध्येच काच काढून पाहण्याची सोय नव्हती. तेव्हा ते बाजूच्या एका ताऱ्याच्या प्रतिमेचा आकार मोठा करून डोळ्यांत तेल घालून पाहत राहत आणि तिच्यावरून दुर्बिणीची जुळणी हळूहळू दुरुस्त करीत. वर्षातल्या अगदी थोड्या, स्तब्ध हवेच्या रात्रीच या कामाला चालत. त्या रात्रींसाठी ते थांबून राहत.

१९४३ च्या शरद ऋतूत हे साधले. काच धुऊन पाहिली तर देवयानीच्या गाभ्यात हजारो बारीक ठिपके! दोन्ही सोबतिणींतही तसेच ठिपके, तेही जवळपास त्याच तेजाचे. याचा अर्थ तिघी एकाच अंतरावर आहेत आणि तिघींत एकाच जातीचे जुने तारे आहेत. पाठोपाठ एनजीसी १४७ आणि एनजीसी १८५ या देवयानीच्या आणखी दोन बटु सोबतिणींतही तेच आढळले. १९४४ मध्ये बाडे यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि ताऱ्यांचे दोन वर्ग सांगितले. पहिल्या वर्गात चक्राकार भुजांमध्ये, वायू व धूळ यांच्या सान्निध्यात राहणारे, निळ्या तेजस्वी ताऱ्यांचे घराणे. दुसऱ्या वर्गात दीर्घिकांचे गाभे, गोलाकार गुच्छ आणि बटुदीर्घिका यांत राहणारे, तांबड्या ताऱ्यांचे घराणे. नावांमुळे थोडा घोटाळा होतो, कारण पहिला वर्ग तरुणांचा आणि दुसरा वृद्धांचा. पण नावे त्यांनी दिली तेव्हा वयाचा उलगडा पूर्ण झालेला नव्हता.

बाडे यांनी जे टिपले, त्याचाच उजेड आपल्याही डोळ्यांनी पाहता येतो, हे येथे सांगावेसे वाटते. तेलंगणातील बेज्जूर हे गाव पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यात, प्राणहितेच्या खोऱ्यातील जंगलाला लागून आहे. २०१६ पासून ते कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. कार्तिकातील अंधाऱ्या रात्री तिकडच्या आकाशात भाद्रपदांचा मोठा चौकोन डोक्यावर येतो. त्याच्या ईशान्येच्या कोपऱ्यातून देवयानीचे तारे ओळीने निघतात. त्या ओळीच्या मध्याजवळ उत्तरेकडे नजर नेली की कापसाच्या पुसट पुंजक्यासारखा एक डाग दिसतो. तीच देवयानी दीर्घिका. शहरात दिव्यांच्या झगमगाटात तो डाग हरवतो. नुसत्या डोळ्यांना दिसतो तो मुख्यतः तिचा गाभा, म्हणजे बाडे यांच्या दुसऱ्या वर्गातील जुन्या ताऱ्यांचा एकत्रित उजेड. पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला तो उजेड जंगलाकाठच्या गावात आज पोहोचतो. कॅलिफोर्नियात महायुद्धाने जो अंधार काही काळ दिला, तो अशा गावांना अजून फुकट मिळतो आहे.

आता हिशेबातील चुकीकडे येऊ. ताऱ्यांचे अंतर मोजण्यासाठी सेफीड नावाचे रूपविकारी तारे वापरतात. त्यांचे तेज ठरावीक काळाने कमीजास्त होते. १९१२ मध्ये हार्वर्डच्या हेन्रिएटा लेव्हिट यांनी दाखविले, की ज्या ताऱ्याचा हा काळ मोठा, त्याचे खरे तेज अधिक. काळ मोजावा, खरे तेज काढावे, दिसणाऱ्या तेजाशी ताडून पाहावे, म्हणजे अंतर मिळते. हबल यांनी याच मापाने देवयानीचे अंतर मोजले. पुढे ते साडेसात लाख प्रकाशवर्षे धरले जाऊ लागले. पण त्यावरून विश्वाचे वय काढले तर ते सुमारे १८० कोटी वर्षे येई. इकडे भूशास्त्रज्ञ किरणोत्सर्गावरून काही खडकांचे वय त्याहून अधिक सांगत होते. आईपेक्षा लेकीचे वय जास्त, असा हा प्रकार! कोठेतरी चुकत होते हे उघड होते, पण कोठे, ते सापडत नव्हते.

बेज्जूर ज्या मुलखात आहे, तेथील जुन्या व्यवहारातले एक उदाहरण घेतले की ही चूक चटकन कळते. तो मुलूख पूर्वी निजामाच्या राज्यात होता आणि तेथे हाली सिक्का चाले. प्राणहितेपलीकडे चांदा जिल्ह्यात इंग्रजांचा कलदार रुपया चाले. दोन्हींचे नाव रुपयाच, पण सुमारे सात हाली रुपये दिले तेव्हा सहा कलदार मिळत. अशा सरहद्दीवरच्या दुकानदाराने हाली आणि कलदार वेगळे न लिहिता नुसते रुपये म्हणून वहीत मांडले, तर बेरीज अगदी बरोबर येईल आणि तरीही हिशेब खोटा ठरेल. बेरीज कितीदाही तपासली तरी चूक सापडणार नाही, कारण चूक बेरजेत नाहीच. सेफीडांच्या बाबतीत हेच झाले होते. तरुण घराण्यातील सेफीड वेगळे आणि वृद्ध घराण्यातील वेगळे. काळ तोच असला तरी तरुणांतला तारा वृद्धांतल्या ताऱ्याच्या सुमारे चौपट तेजस्वी. मापाची किंमत ठरविताना गोलाकार गुच्छांतील वृद्ध ताऱ्यांचा आधार घेतला गेला आणि ती किंमत देवयानीच्या भुजांतील तरुण सेफीडांना लावली गेली. हालीचा भाव कलदारला लागला!

हे उघडकीस कसे आले, तेही पाहण्यासारखे आहे. १९४८ मध्ये पालोमार पर्वतावरील दोनशे इंची दुर्बिणीचे उद्घाटन झाले आणि लवकरच बाडे तिच्यावर काम करू लागले. वृद्ध घराण्यात आर. आर. लायरी नावाचे लहान रूपविकारी तारे असतात. देवयानी साडेसात लाख प्रकाशवर्षांवर असती, तर हे तारे नव्या दुर्बिणीच्या काचांवर उमटायलाच हवे होते. ते उमटले नाहीत. उमटले ते फक्त त्यांच्याहून सुमारे चौपट तेजस्वी असे तांबडे राक्षसी तारे. दुसऱ्या कोणी दुर्बिणीला किंवा हवेला दोष दिला असता. बाडे यांनी मात्र न दिसलेल्या ताऱ्यांवर विश्वास ठेवला. हे तारे दिसत नाहीत, त्याअर्थी देवयानी आपण समजतो त्याच्या दुपटीने दूर आहे, हा निष्कर्ष त्यांनी काढला. सप्टेंबर १९५२ मध्ये रोम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय ज्योतिषशास्त्रीय संघाच्या अधिवेशनात त्यांनी तो जाहीर केला. दक्षिण आफ्रिकेहून आलेले थॅकरे यांनी तेथेच आपला स्वतंत्र पुरावा सांगितला. मॅगेलनच्या मेघातील आर. आर. लायरी तारे त्यांनाही अपेक्षेपेक्षा तेवढेच मंद आढळले होते. एका बैठकीत विश्वाची अंतरे दुप्पट झाली आणि वयही दुप्पट, म्हणजे सुमारे ३६० कोटी वर्षे झाले. पुढे बाडे यांचे शिष्य अ‍ॅलन सँडेज आणि इतरांनी हा हिशेब आणखी दुरुस्त केला. आज देवयानीचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे आणि विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे मानले जाते.

रोमच्या त्या बैठकीचे टिपण घेण्याचे काम फ्रेड हॉयल यांच्याकडे होते. हॉयल यांचे नाव मराठी वाचकाला परके नाही, कारण कोल्हापुरात जन्मलेले आपले जयंत नारळीकर हे केंब्रिजमध्ये त्यांचे शिष्य होते. हॉयल १९४४ मध्ये अमेरिकेस गेले असता बाडे यांना भेटले होते. ताऱ्यांच्या स्फोटांविषयी बाडे यांनी त्यांना जे सांगितले, त्यातून मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात कशी शिजतात, या हॉयल यांच्या विचाराला चालना मिळाली. आणि त्या विचारानेच बाडे यांच्या दोन घराण्यांचा खरा अर्थ लागला. सर्वांत आधीच्या ताऱ्यांना हायड्रोजन आणि हेलियम यांखेरीज फारसे काही मिळाले नव्हते. त्यांच्या पोटात कार्बन, ऑक्सिजन, लोह तयार झाले, स्फोटांतून बाहेर फेकले गेले आणि पुढच्या पिढीच्या ताऱ्यांत मिसळले. म्हणून वृद्ध ताऱ्यांत लोह सूर्याच्या शंभराव्या, कधी हजाराव्या हिश्शाएवढेच आढळते. आपल्या रक्तातील लोह अशा मागल्या पिढ्यांनीच मागे ठेवलेले आहे. पूर्वजांनी काय ठेवले, हे वारसाच्या वहीत आरंभीची शिल्लक म्हणून दिसते, तसेच हे.

बेज्जूर ज्या राज्यात होते, त्या निजामाच्या राज्याचाही आकाशाच्या या मोजदादीत वाटा आहे. हैदराबादेतील बेगमपेठच्या निजामिया वेधशाळेने सर्व आकाशाचा नकाशा करण्याच्या आंतरराष्ट्रीय कामात आपल्या वाट्याचा पट्टा पूर्ण केला होता. त्याच वेधशाळेतील एका कर्मचाऱ्याचा मुलगा, वेणू बाप्पू, निजाम कॉलेजात शिकून हार्वर्डला गेला आणि डॉक्टरेटनंतर पालोमारला शिष्यवृत्तीवर राहिला. बाडे त्या वेळी तेथेच काम करीत होते. बाप्पू यांनी तेथे विल्सन यांच्याबरोबर केलेले ताऱ्यांच्या तेजाविषयीचे संशोधन १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. परतल्यावर त्यांनी आपल्या देशात आधुनिक वेधशाळा उभ्या केल्या आणि १९७९ मध्ये ते ज्या आंतरराष्ट्रीय संघापुढे बाडे यांनी आपला निष्कर्ष मांडला होता, त्याचे अध्यक्ष झाले.

बाडे यांच्या स्वभावाविषयी थोडे सांगितले पाहिजे. निरीक्षणात ते अतिशय कडक होते. मनासारखी काच मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा फोटो घेत. लिहिण्याचा मात्र त्यांना कंटाळा. कितीतरी शोध त्यांनी पत्रांतून आणि बैठकीतून सांगितले, पण छापले नाहीत. यात तोटाही झाला. त्यांच्या हयातीत अनेक कामे अर्धवट राहिली. ती पुरी करण्याचे श्रेय त्यांच्या सहकारी हेन्रिएटा स्वोप यांना जाते. १९५० नंतरच्या दशकात कालेय तारकासमूहात एक नवी बटुदीर्घिका सापडली होती. बाडे यांनी पालोमारवर तिचे फोटो घेतले आणि स्वोपबाईंनी काच काच तपासून तिच्यातील दोनशेंहून अधिक रूपविकारी तारे शोधले. बहुतेक सर्व आर. आर. लायरी जातीचे, म्हणजे वृद्ध घराण्यातले! हा निबंध १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो पाहायला बाडे नव्हते.

आपल्या सिद्धांताविषयी हट्ट त्यांच्यापाशी नव्हता. १९५७ मध्ये व्हॅटिकन येथे केवळ ताऱ्यांच्या या घराण्यांवर विचार करण्यासाठी परिषद भरली. बाडे तेथे हजर होते. दोन वर्ग पुरेसे नाहीत, मधल्या पायऱ्याही आहेत, असे तेथे ठरून वर्गांची संख्या पाच करण्यात आली. आज आपल्याला माहीत आहे, की अश्मंतातील बटुदीर्घिकेत मध्यम वयाचे आणि काही तरुण तारेही आहेत. म्हणजे लहान घरात सगळी म्हातारीच असतात, असेही नाही. तथापि शिल्पकार आणि कालेय येथील बहुसंख्य तारे हजार कोटी वर्षांहून जुने आहेत, हे बाडे यांचे म्हणणे कायम राहिले. २००५ पासून त्यांच्याहूनही मंद अशा कितीतरी बटुदीर्घिका आकाशगंगेभोवती सापडल्या आहेत. त्यांपैकी काहींत जवळजवळ विश्वाच्या आरंभाइतके जुने तारे आहेत. मोठ्या दीर्घिकेत पिढ्या एकमेकींत मिसळून जातात. या लहान, दुर्लक्षित घरांतून जुना काळ जवळजवळ जसाच्या तसा राहिला आहे. म्हणून विश्वाचा आरंभ अभ्यासणारे आज त्यांच्याकडे धाव घेतात.

१९५४ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने बाडे यांना सुवर्णपदक दिले. १९५८ मध्ये ते निवृत्त झाले. त्यानंतर हार्वर्ड येथे त्यांनी व्याख्याने दिली, ती त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने निघाली. ऑस्ट्रेलियात काही काळ काम करून ते गटिंगेनला परतले. विद्यार्थी म्हणून ज्या गावी शिकले, तेथेच प्राध्यापक म्हणून आले. जन्मापासून सोबत असलेले कंबरेचे दुखणे आता बळावले होते. त्यावर शस्त्रक्रिया झाली, परंतु नंतरच्या गुंतागुंतीतून ते उठले नाहीत. २५ जून १९६० रोजी वयाच्या ६७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. चिली देशातील लास कँपानास येथे साडेसहा मीटर व्यासाच्या दोन जुळ्या दुर्बिणी आहेत. त्यांपैकी एकीला बाडे यांचे नाव दिले आहे. शिल्पकार आणि अश्मंत हे समूह कॅलिफोर्नियातून क्षितिजाला टेकलेले दिसत. चिलीहून ते डोक्यावर येतात.

बाडे यांच्या चरित्रातून आपण काय घ्यावे? पायात दोष होता, कागद हरवले होते, देशाने परका ठरविले होते. यांपैकी कोणत्याही गोष्टीबद्दल रडत बसायला त्यांना पुरेसे कारण होते. त्यांनी मिळालेल्या अंधारात काम केले. पण मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांची दुसरी गोष्ट. सर्वांची बेरीज जुळत असताना त्यांनी नोंदीच तपासल्या. एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू तर नाहीत ना, हे विचारले. आम्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना उद्या वह्या तपासायच्या आहेत. कोणी इतिहास शिकेल, कोणी भाषा, कोणी शेती करील. जुळलेल्या बेरजेवर समाधान न मानणारा माणूस प्रत्येक ठिकाणी हवा असतो. त्याने मांडलेला हिशेब उद्या दुसरा कोणी दुरुस्त करील. बाडे यांचाही झाला, आणि तो करणाऱ्यांत त्यांचे स्वतःचे शिष्य होते. शिक्षकाला याहून चांगली गुरुदक्षिणा कोणती मिळणार?